बोडीतला येडा घेचू

त्या उन्हाळ्यात मी बोडीवर, म्हणजे गावातल्या लहान तलावावर, गेले ती नवं काही शोधायला नव्हे. तिसऱ्या वर्षाच्या मुलींनी एका गावातून रानभाज्यांची यादी करून आणली होती आणि त्या यादीत घेचू दोनदा आला होता. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागून मला वीसेक वर्षं झाली होती, त्यामुळे मुलींची यादी घरबसल्या कापायची नाही, गावात जाऊन विचारायचं, एवढं शहाणपण आलं होतं. कोहमाऱ्याच्या चौकातून ऑटो केला आणि सकाळी सकाळीच त्या गावात पोचले.

बोडी आटत आली होती. मधे गुडघाभर पाणी, कडेनं भेगा पडलेला चिखल, आणि त्या चिखलात सात-आठ बाया विळ्याच्या टोकानं उकरत बसलेल्या. घेचू पाण्यात वाढतो. पावसाळ्यात त्याची लांबट पानं पाण्यावर पसरतात, बारीक फुलांचा एक तुरा वर येतो, आणि पाणी आटलं की चिखलात बोराएवढे कांदे उरतात. ते उकडून, मीठ लावून खातात. लहानपणी मीही खाल्ले होते.

एका बाईच्या टोपलीत कांदे होते आणि टोपलीबाहेरही कांद्यांचा एक लहानसा ढीग होता. मी विचारलं, "मावशी, हे काऊन फेकून राहिल्या?"

"तो घेचू नोहे," ती मान वर न करता म्हणाली. "तो येडा घेचू होय. शिजतच नाही. किती बी लाकडं जाळा, दोऱ्यावानी राहते. गळ्याले खाजवते."

"दिसतो तर सारखाच."

तिनं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. साठीची असावी, उन्हानं रापलेली. दोन्ही कांदे तिनं माझ्या हातावर ठेवले. "डोळे हायेत ना तुमाले? हा गोल हाये. हा लांबट हाये, अन् याले खाली शेंडी हाये."

खरंच होतं. मुलींच्या यादीत घेचू दोनदा आला होता तो चुकून नव्हे. मुलींनी तिचंच म्हणणं लिहून घेतलं होतं.

ही बाई त्या गावातल्या ज्या घराण्यातली सून, त्यांच्या पूर्वजांनी ती बोडी बांधली असं सगळे सांगत. त्यामुळे बोडीत कुठे काय उगवतं, कोणत्या कोपऱ्यात गाळ जास्त, कोणत्या वर्षी बांधाची पाळ फुटली होती, हे तिला विचारायचं असा गावाचा रिवाज होता. मी तिला मावशी म्हणायला लागले आणि ती मला शेवटपर्यंत मॅडमच म्हणत राहिली.

मावशीनं टाकून दिलेल्या कांद्यांपैकी चार मी घरी आणले आणि गच्चीवर सिमेंटच्या टाक्यात लावले. मे महिन्यात त्या टाक्यातलं पाणी चहाइतकं तापलं. चारही कांदे कुजले. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं. कारण ही नवी जात तर नसेल, असा जो संशय मनात आला होता तो मला नको होता.

याचं कारण जुनं आहे. पीएचडी करत असताना मला एका टेकडीवर एक गवत सापडलं होतं. कोणत्याच पुस्तकात बसेना. मी ते नवी जात म्हणून माझ्या सरांना दाखवलं, सरांनी अजून थोडं थांब म्हटलं, पण तोवर मी घरी सांगून बसले होते. घरून ते शेजारी गेलं, शेजारून स्थानिक पेपरात. गावात शाल-नारळ देऊन सत्कार झाला. माझ्या वडिलांनी कधी नव्हे ती इस्त्रीची टोपी घातली होती. दोन महिन्यांनी एका जाणकाराचं पत्र आलं, अगदी सभ्य भाषेत. ते गवत जुनंच होतं, फार पूर्वीपासून माहीत असलेलं. मुरमाड जमिनीत उपाशी वाढल्यामुळे खुरटलं होतं, एवढंच. त्यानंतर कितीतरी दिवस मी बाजारात जायचं टाळलं. लोक विचारत, "क्या हुआ मॅडम, आपकी घास का?" वडिलांनी त्यावर कधीच काही विचारलं नाही, ते जास्त लागलं. मी पुढं दुसरा विषय घेऊन पीएचडी पुरी केली आणि नवी जात हा शब्द तोंडातून काढला नाही.

पण पाऊस सुरू होऊन दोन-अडीच महिने झाले आणि मला राहवेना. पोळ्याच्या सुटीत मी पुन्हा गेले. बोडी भरली होती. मावशी पाळीवर बसून पायातला चिखल धूत होती. तिनं हातानं दाखवलं, "तुमचा येडा तिकडं कोपऱ्यात हाये. पान वरतं येत नाही त्याचं. पान्याखालीच राहते."

मी साडी खोचून पाण्यात उतरले. घेचूची पानं वर तरंगत होती. त्याच्याच शेजारी, पाण्याखाली, फितीसारखी लांब पानं हलत होती, कडेनं बारीक चुण्या पडलेली. तुरा मात्र पाण्याबाहेर आला होता, फिकट जांभळा, बोटाएवढा. मी अगदी मोजकी झाडं कांद्यासकट उपटली. काही वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवली, काही फुलं स्पिरिटच्या बाटलीत ठेवली. मग तीन आठवडे कॉलेजातल्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेक फूल उघडून मी चित्रं काढत बसले. पाकळ्या किती, पुंकेसर किती, त्यांचा रंग काय, बीजकोशात बीजांडं कुठे बसतात, पानाची शीर कशी जाते. नव्या जातीचं वर्णन म्हणजे असंच असतं. कोणी डोंगरावर झेंडा रोवत नाही. ज्यानं ती वनस्पती कधी पाहिलेली नाही त्याला ती केवळ वाचून ओळखता आली पाहिजे, एवढीच अट.

मी घेचूच्या गटातल्या ज्ञात असलेल्या सगळ्या जातींची वर्णनं काढून एकेक ताडून पाहिली. कुठेच बसेना. त्या न बसण्याचा मला आनंद झाला नाही. त्या गवताच्या वेळीही असंच कुठे बसत नव्हतं.

शेवटी नागपूरला सरांना फोन केला. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी आधी एवढंच विचारलं.

"कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही. घरी नवऱ्यालासुद्धा नाही."

"मग आता घाबरायचं कशाला? या वेळेस चुकलो तर दोघंच चुकू. घेऊन ये."

त्यांनी भिंग लावून एक अख्खा दिवस नमुने पाहिले. संध्याकाळी म्हणाले, "मलाही वेगळी वाटते. पण मला वाटून उपयोग नाही." आम्ही दोघांनी मिळून निबंध लिहिला आणि हिवाळ्यात नियतकालिकाला पाठवला. निबंध आला की ते लोक तो दोन-तीन अनोळखी तज्ज्ञांकडे तपासायला देतात. त्यांचं उत्तर आलं. नकार नव्हता, पण होकारही नव्हता. एका तज्ज्ञानं दोन गोष्टी विचारल्या होत्या. पहिली, पिकलेलं बी कुठे आहे? या गटातल्या जाती बीवरच्या पापुद्र्यांवरून ओळखतात, आणि तुम्ही तर कच्ची फळं दाखवता. दुसरी, पाणी खोल असलं की घेचूचीसुद्धा पानं वर येत नाहीत, खालीच राहतात. तुमची वनस्पती म्हणजे खोल पाण्यातला घेचूच नाही कशावरून? ती उथळ पाण्यात वाढवून पाहिली आहे का?

मी ते पत्र दोनदा वाचलं आणि टेबलावर पालथं ठेवलं. दोन्ही प्रश्न रास्त होते. खुरटलेल्या गवताचीच गोष्ट होती ती, फक्त उलटी: तिथे मातीत कमी, इथे पाणी जास्त.

धावत बोडीवर गेले तर फळं केव्हाच गळून चिखलात गेली होती. मावशी म्हणाली, "आता पुढच्या वर्षी. घाई करून काय होते?" मीही मनाशी तेच ठरवलं. पुढच्या पावसाळ्यात बी घ्यायचं, आणि उन्हाळ्यात कांदे काढून या वेळेस सावलीतल्या टाक्यात लावायचे.

परीक्षांचे पेपर तपासून मोकळी होईपर्यंत एप्रिल संपला. एका सकाळी कोहमाऱ्याहून गावाकडे वळले आणि समोरून ट्रॅक्टर येताना दिसले, एकामागून एक, ट्रॉल्या काळ्या गाळानं भरलेल्या. मला लगेच कळलं, तरी मी ऑटोवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "बोडी खोल कर रहे ना मॅडम. आठ दिन से चालू है."

बोडीवर पोचले तेव्हा दोन जेसीबी काम करत होते. तळ खरवडून खालचा पिवळा मुरूम दिसत होता. येडा घेचू ज्या कोपऱ्यात होता तिथे एक खोल चौकोनी खड्डा होता, आणि त्याच्या कडेला बसून कामगार डबा खात होते. मी पाळीवर बसले. रागवायचं कोणावर? गावानं या कामासाठी कितीतरी वर्षं अर्ज केले होते. बोडी गाळानं भरली होती, शेवटच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, पाणी पोचत नव्हतं. गाव खूश होतं. मावशीसुद्धा खूश होती.

"मॅडम, रडून कायले राहिल्या?" तिनं विचारलं. मी रडत नव्हते, पण तोंड तसं झालं असावं.

"मावशी, तो येडा घेचू गेला. अजून कुठे आहे का?"

तिनं खूप आठवून पाहिलं. "ह्याच बोडीत पायला मी तं. माह्या माहेरच्या तलावात नव्हता."

मग मी आजूबाजूच्या गावांतल्या तलावांवर हिंडले. दवनीवाड्याकडेही जाऊन आले. सगळीकडे साधा घेचू होता, हा नव्हता. सरांना कळवलं. ते म्हणाले, वाळवलेले नमुने आहेत, चित्रं आहेत, पुढे कधीतरी कोणाला सापडेल. ते मला धीर द्यायला बोलताहेत हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं, म्हणून मला धीर आला नाही. मी निबंधाची फाइल कपाटात वरच्या फळीवर ठेवली. नवऱ्याला तेव्हा सगळं सांगितलं. तो किराण्याचा व्यापार करणारा माणूस, त्याला त्यातलं फारसं कळलं नसेल. तो म्हणाला, "तेव्हाच सांगितलं असतं तर मी जेसीबीवाल्याला ओळखतो." त्यावर आम्ही दोघंही हसलो, आणि मग मी जरा रडले.

जून गेला, जुलै गेला. धानाचे रोवणे आटोपले. एका रविवारी मी घरी मेथी निवडत होते, तेव्हा अनोळखी नंबरावरून फोन आला. पलीकडे मावशी होती, नातवाच्या फोनवरून बोलत होती.

"मॅडम, तुमचा येडा माह्या बांधीत उगवून राहिला."

मला कळेचना. "कुठे?"

"बांधीत, बांधीत. धानात. बोडीचा गाळ टाकला होता ना आमी बांधीत, त्याच्यातून आला. दीर म्हणते औषध मारतो, तन झालं म्हणून. मी म्हटलं, ह्या बांधीले हात लावू नको, मॅडमले येऊ दे."

निवडलेली मेथी तशीच टाकून मी निघाले. नवऱ्यानं दुकान बंद करून गाडी काढली. वाटेत मला एकच भीती वाटत होती. मावशीनं फोनवर सांगितलेलं तण दुसरंच काही निघालं तर?

बांधी बोडीच्या अगदी खाली होती. धान हातभर वाढलं होतं, पाणी वीतभरही नव्हतं, आणि त्या पाण्यात, धानाच्या दोन ओळींमधल्या जागेत, तो होता. एक नव्हे, जागोजागी. पाणी इतकं कमी होतं की पान वर यायला काहीच अडचण नव्हती. तरी एकही पान तरंगत नव्हतं. फितीसारखी, कडेला चुण्या असलेली सगळी पानं खालीच. आणि त्याच्या बाजूला, त्याच गाळातून, त्याच पाण्यात साधा घेचू उगवला होता. त्याची पानं व्यवस्थित वर पसरली होती.

तज्ज्ञानं जे करून पाहायला सांगितलं होतं, ते माझ्या डोळ्यांसमोर आपोआप झालेलं होतं. एकच माती, एकच पाणी, एकच ऊन, दोन्ही वनस्पती शेजारी शेजारी, आणि दोन्ही आपापल्या रीतीनं वाढलेल्या. मी ठरवून केलं असतं तरी इतकं चोख जमलं नसतं. मी धुऱ्यावर, बांधीच्या कडेवरच, मटकन बसले. नवरा घाबरला, चक्कर आली की काय म्हणून. चक्कर नव्हती. इतक्या वर्षांचं काहीतरी अंगातून उतरून गेलं होतं.

मावशी कमरेवर हात ठेवून उभी होती. "तोच होय ना?"

"तोच होय, मावशी."

"मग बसल्या कायले? च्या प्यायले चला."

ती बांधी तिनं राखली. दिरानं बाकी सगळ्या बांध्यांत औषध मारलं, इथे मावशी आणि दिराची बायको, दोघी जावांनी हातानं निंदण केलं, तेही येडा घेचू सोडून. मी दर आठवड्याला जाऊन मापं घेत होते, फोटो काढत होते. फळं धरली तेव्हा मी तुऱ्यांना मलमलीच्या लहान पिशव्या बांधल्या, बी गळून जाऊ नये म्हणून. गावातल्या बाया मुद्दाम वाट वाकडी करून ते बघायला येत. एकीनं विचारलं, "झबलं शिवलं काय याले?"

बी पिकलं. सूक्ष्मदर्शकाखाली सुईनं पहिलं बी सोलताना सुई निसटली आणि ते उडून कुठेतरी पडलं. दुसरं नीट सोललं. साध्या घेचूच्या बीवर दोन पापुद्रे असतात, बाहेरचा पारदर्शक आणि सैल. इथे एकच होता, घट्ट बसलेला. मी आणखी एक सोललं, मग आणखी एक. प्रत्येकावर एकच. ज्या थोड्या जातींना असा एकच पापुद्रा असतो त्यांचा कांदा, तुरा, पान सगळंच वेगळं. सरांना फोन केला आणि सांगितलं. ते इतकंच म्हणाले, "आता पाठव. आणि आज नीट जेव."

या वेळेस उत्तर लवकर आलं. निबंध स्वीकारला होता. त्याच तज्ज्ञानं खाली लिहिलं होतं की धानातली ती तुलना त्याला सगळ्यात पटली. मी स्टाफरूममध्ये होते. कोणाला काही न सांगता मी उठून व्हरांड्यात गेले आणि नळाचं पाणी तोंडावर मारलं. आनंद नंतर झाला. आधी वाटलं ते हे, की या वेळेस मी चुकले नाही.

नाव द्यायचं राहिलं होतं. मावशीचं नाव द्यावं असं माझ्या फार मनात होतं. मी मुद्दाम तिच्या घरी गेले आणि विचारलं. ती आधी समजून घेत राहिली, मग तिनं सुपातले तांदूळ बाजूला ठेवले.

"येड्या घेचूले माहं नाव?"

"हो. जगात सगळीकडे त्याच नावानं ओळखतील."

"नका बाई. गावातले हासतीन. शिजत नाही, गळ्याले खाजवते, अन् नाव माहं." मग सूप पुन्हा पुढ्यात ओढत म्हणाली, "बांधीत आला, बांधीचं द्या."

लॅटिनमध्ये 'धानाच्या शेतातला' असा अर्थ होणारा शब्द आम्ही निवडला. पण ज्या वाळवलेल्या नमुन्यावरून ती जात कायमची ओळखली जाईल, त्या कागदाच्या कोपऱ्यात संग्राहक म्हणून दोन नावं लिहायची असं मी सरांना सांगितलं, आणि मावशीचं नाव पहिलं लिहिलं. तो कागद आता एका मोठ्या वनस्पतिसंग्रहालयाच्या कपाटात आहे. याला तिची हरकत नव्हती. कपाटात कोण बघायला जाते, असं ती म्हणाली.

पेपरात बातमी आली तेव्हा वडील नव्हते. आईनं ती कापून पोथीत ठेवली.

तरी एक काळजी उरलीच होती. जगात ही वनस्पती जर त्या एका बांधीतच असेल, तर एका वर्षाच्या औषधानं ती संपेल. मावशी आहे तोवर ठीक, पुढे काय?

गेल्या आश्विनात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ती आता दरेकसाजवळच्या एका शाळेत शिकवते. तिनं पिशवीतून काचेची बरणी काढून टेबलावर ठेवली. जंगलातल्या एका जुन्या तलावात तिच्या वर्गातल्या मुलींनी ते झाड पाहिलं होतं, आणि तिला माझ्या निबंधातलं चित्र आठवलं होतं.

"मॅडम, मी वाचून ओळखलं," ती म्हणाली. "बरोबर आहे का बघा. चुकलं असेल तर कोणाला सांगू नका."

मी बरणी खिडकीजवळ नेली. पान, कडेच्या चुण्या, खाली शेंडी असलेला लांबट कांदा. फळ पिकलेलं होतं. मी सुई आणली, बी सोललं, आणि भिंग तिच्या हातात दिलं.

"तूच बघ. पापुद्रे किती?"

तिनं बराच वेळ पाहिलं. "एकच."

"मग सांग सगळ्यांना," मी म्हटलं. तिला किती झाडं दिसली ते विचारलं. ती म्हणाली, मोजता नाही आली मॅडम, अर्धा तलाव भरलाय.